गॅमा किरणांचा डबा तिसगावच्या हरभऱ्यात

पहाटे पुण्याजवळून सोडलेल्या आमच्या फुग्याचा सिग्नल नगरच्या पुढे बंद पडला. अकराच्या सुमारास फोन आला. "मॅडम, तिसगावहून बोलतोय. तुमचा डबा आमच्या हरभऱ्यात पडलाय. नंबर हुता वरती. ह्ये गॅमा म्हंजी काय वं?" उत्तर द्यायच्या आत रेंज गेली. मी बॅग उचलली आणि निघाले.

फुग्याखाली टांगलेल्या त्या डब्यात, म्हणजे गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रात, माझी पीएचडीची दोन वर्षं होती. कुठे तरी एखादा प्रचंड तारा मरतो, त्याचा गाभा कोसळतो आणि सूर्य जन्मभरात देईल तेवढी ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडते. ती येते गॅमा किरणांच्या रूपात; ते वरच्या हवेतच अडतात, म्हणून फुगा. नेमका डबा वर असतानाच उपग्रहांनी असा एक स्फोट टिपला होता. आमच्या मेमरी कार्डात तो नसला तर?

जाणार असाल तर शिरूरपर्यंतच्या ट्रॅफिकला वेळ ठेवा. नगरच्या स्टँडवर वडापाव घेतला, चव कळली नाही. पाथर्डीच्या बसने करंजी घाट ओलांडला. तिसगावला फोन करणारे भानुदासकाका मोटारसायकल घेऊन उभे होते. मला मागे बसवून थेट वस्तीवर नेलं.

डबा घरापासून लांब, लिंबाखाली. भोवती काट्या टाकलेल्या.

"ताई, खरं सांगा," काकांच्या पत्नी कमलकाकू म्हणाल्या. "सुनबाईनं उचलला हुता. सातवा लागलाय तिला. मोबाईलवर बगितलं, गॅमा किरनांनी लेकराला इजा हुती म्हनं."

"काकू, हा डबा किरण सोडत नाही, फक्त..." आणि मला एकदम आठवलं. आदल्या संध्याकाळी तपासणीसाठी मी त्यात एक छोटी किरणोत्सारी चकती ठेवली होती. तशी ती अगदी मंद. पण काढली होती का? आठवेना.

बांधावर चढून रेंज शोधली, लॅबमधल्या मेघनाला फोन लावला. "थांब, कपाट बघते." सून, सुनीता, पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मी मेमरी कार्ड विसरून गेले होते.

"चकती शिशाच्या डबीत आहे गं. रजिस्टरमध्ये तुझीच सही आहे."

मी बांधावरून खाली आले. मग त्यांना सगळं सांगितलं, माझ्या विसरण्यासकट. सुनीता म्हणाली, "म्हंजी तुमीबी भ्यालता व्हय?"

"लई," मी म्हटलं. ती हसली, चहा ठेवायला आत गेली.

घरी आल्यावर कार्ड उघडलं. आलेखात स्फोटाच्या त्याच सेकंदांना एक छोटा उंचवटा होता. माझ्या गाईड सरांनी पेढे वाटले. मी मात्र कितीतरी दिवस रजिस्टर उघडून ती सही बघत राहिले.

दोन-अडीच महिन्यांनी सुनीताचा फोन आला. "ताई, पोरगी झाली. धडधाकट हाय. रडती लई." मागून आवाज येतच होता. मी तिला म्हटलं, फोन ठेवू नकोस, रडू दे तिला जरा.