करवलीचं पूर्ण तिकीट

मी उंच होते, हाच माझा गुन्हा. बारावं वर्ष लागलं तेव्हाच आईच्या डोक्यावरून पलीकडचं दिसायचं. शाळेत मागचा बाक, फोटोत मागची रांग, घरात वरच्या फळीवरचे डबे काढायचं काम माझं. एसटीत मात्र मी अजून हाफ तिकीट होते. वडील मला खिडकीजवळ बसवत. लातूरचं स्टँड मागं पडलं की मी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून जायचे. एरवी ते फार बोलत नसत, जवळ घेणं तर लांबच. डाळ मिलमध्ये मुनीम होते, सदऱ्याला कायम तुरीच्या भुशाचा वास. तो वास मला एसटीतच एवढ्या जवळून मिळायचा.

मामाचं लग्न निलंग्याला होतं. आई आधीच माहेरी गेलेली आणि मी करवली. निघायच्या सकाळी शेजारच्या काकूंनी मला आईची मोरपंखी साडी नेसवली, कारण मांडवात पोचल्यावर कोण नेसवत बसणार? अंबाडा घातला, गजरा माळला. आरशात बघून मी हरखले. मला काय ठाऊक!

औसा मागं पडल्यावर कंडक्टर आमच्याजवळ आला.

"निलंगा. एक फुल, एक हाफ," वडील म्हणाले.

"हाफ कुणाचं?"

वडिलांनी माझ्याकडं बोट केलं. कंडक्टरनं मला गजऱ्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"मालक, चेष्टा करायलात का? चांगली साडीतली बाई हाय की ही."

"अकरा वर्षांची हाय."

"मग मी बी अजून दहावीलाच हाय म्हणा."

गाडी हसली. मी घाईघाईनं म्हणाले, "खरंच, मी सहावीत आहे." त्यावर आणखीच हशा पिकला. मागच्या सीटवरच्या एका फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "पोरगी लग्नाची दिसती. स्थळं बघायलेत का न्हाई?"

वडिलांचे कान लाल झाले. भांडतील, निदान माझी शाळा तरी सांगतील असं मला वाटलं. त्यांनी मुकाट्यानं दोन फुल तिकिटं घेतली. मग माझ्याकडं पाहिलं, कुणी परकी बाई आपल्या शेजारी बसलेली पाहावी तसं, आणि हळूच म्हणाले, "तू पुढं जाऊन बस. बायकांच्या सीटवर."

रागावले असते तर परवडलं असतं. मी निऱ्या सावरत पुढं गेले आणि खाली मान घालून रडले. शेजारची बाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नवीनच लग्न झालंय का गं? सासरी निघालीस?"

परतताना मी फ्रॉकमध्ये होते, पण काही उपयोग झाला नाही. वडिलांनी मला आईशेजारी बसवलं, आणि पुढंही कायम तसंच. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

परवा वडिलांना लातूरहून माझ्याकडं नांदेडला आणलं. म्हाताऱ्यांच्या सवलतीसाठी कंडक्टरनं त्यांचं आधार कार्ड मागितलं. "दिसत न्हाई तुम्ही तेवढे," म्हणाला, तेव्हा ते केवढे खूश झाले! मला मात्र त्यानं तोंडाकडं न बघताच हाफ तिकीट दिलं. आता सगळ्याच बायकांना अर्धं असतं. माझं वय कुणाला विचारायचंच नव्हतं.

खिडकी वडिलांना देऊन मी त्यांच्या शेजारी बसले होते. अहमदपूरनंतर त्यांना डुलकी लागली. मान कलत कलत माझ्या बाजूला येत होती. मी हलले नाही, श्वासही जपून घेत होते. डोकं माझ्या खांद्याला जेमतेम टेकलं आणि ते दचकून जागे झाले. ताठ बसले. सदरा नीट केला.

"पुढं बायकांची सीट रिकामी हाय," ते म्हणाले. "तिकडं जाऊन बस. ऐसपैस."

चाळिशी ओलांडलेली मी एका शब्दानं उठले. पुढं जाऊन मागं वळून पाहिलं, तर त्यांनी डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं होतं आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ते गजावर आपटत होतं. माझा खांदा होता की, एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.