कमरोद्दीनचाचांना गप्प बसायला शिकवलं त्याची गोष्ट

मुकुंदवाडीत कमरोद्दीनचाचांचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याच्या आधी चाचांना कळतं, निदान त्यांचा तसा समज आहे. एकदा मी दुकानासमोर नुसता शिंकलो, तर यांनी सुंठ बांधून दिली. मी आलो होतो काड्यापेटीला. सुंठ घेऊन मुकाट घरी गेलो, कारण चाचांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की दुसऱ्याला जागाच नसते.

आमच्या शेजारच्या व्यंकटरावांची नात ओवी सहा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे, ती बोलत नाही. अशी मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या मृण्मयीनं तिला चित्रांची कार्डं शिकवली. बिस्किटाचं कार्ड दिलं की बिस्किट, पाण्याचं दिलं की पाणी. उघड्या तोंडाचंही एक होतं, ‘बोल’ म्हणायला. ते कधी कुणी वापरलं नव्हतं. घरी ओवी कार्ड द्यायची. बाहेरच्या माणसाकडं तिनं आपणहून काही मागावं, एवढंच आता हवं होतं.

“माझ्यामागं हिला तहान लागली, तर कुणाला कळणार?” व्यंकटराव मला म्हणाले.

म्हणून ओवीला चाचांच्या दुकानात आणलं. तिचा हात कार्डांच्या पिशवीकडं जायच्या आत बिस्किट तिच्या हातात!

“आली का माझी शहजादी! आज लई उशीर केला!” चाचा सुरू झाले. ओवी बिस्किट धरून डुलत ऐकत राहिली.

मृण्मयीनं कपाळाला हात लावला. “चाचा, मागायच्या आधीच दिलंत, तर ती मागेल कशाला? काही कळत नाही असं दाखवा. आणि गप्प बसा.”

“बेटी, मेरे कू सब मालूम, और मैं येडा बनूं?”

पण ओवीसाठी ते येडे झाले. गप्प राहिले की मृण्मयी त्यांच्याच बरणीतली लिमलेटची गोळी त्यांना बक्षीस द्यायची. हसू नका, गोळीनं काम केलं. जास्तच केलं. चाचा सगळ्याच गिऱ्हाइकांपुढं मुके झाले. सोमनाथ तेलाचा डबा घेऊन उभा, चाचा छताकडं बघताहेत. शेवटी हवं ते मागायला गल्लीही ओवीच्या कार्डांसारखी चित्रं काढू लागली. सोमनाथनं नारळ काढला, त्याला बटाटा मिळाला. चाचांच्या बेगम आबेदाभाभी मात्र खूश होत्या. निकाहापासून पहिल्यांदा त्यांचं वाक्य पुरं झालं होतं.

ओवी तेवढी रोज यायची, चाचांच्या मिटलेल्या तोंडाकडं बघायची आणि काही न मागता परत जायची. व्यंकटराव वैतागले. “बंद करा हे खूळ! होतं ते बिस्किटही गेलं पोरीचं.” मलाही मृण्मयीचा राग आला होता.

त्याच संध्याकाळी ओवीनं पिशवीत हात घातला. बिस्किटाचं कार्ड बाजूला सारलं, खाली शोधलं आणि एक कार्ड चाचांच्या तळहातावर ठेवलं. चाचांनी सवयीनं बिस्किटाचा पुडा पुढं केला. ओवीनं तो ढकलला आणि कार्डावर बोट दाबलं. उघडं तोंड.

“चाचा, मागितलं की लगेच द्यायचं असतं,” मृण्मयी हळूच म्हणाली.

चाचांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. जन्मभर न मागता बोललेला माणूस. कुणी मागितलं ते आज पहिल्यांदा. ओवीनं पुन्हा बोट दाबलं.

“आली... आली का माझी शहजादी,” चाचा कसंबसं म्हणाले.

ओवी डुलू लागली. व्यंकटराव साबणाच्या खोक्यांकडं तोंड करून उभे होते. बिस्किटाचा पुडा काउंटरवर तसाच पडून राहिला.