वाटेत वारलेल्यांची यादी

सुभद्राबाई अंबादेवीच्या देवळाबाहेर फुलं विकायच्या. त्यांचा मळा बडनेऱ्याला. रोज सकाळी झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन त्या अमरावतीला चालत यायच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. मनगटं भरून हिरव्या बांगड्या.

मी तेव्हा मुंबईहून कॉलेज संपवून आलो होतो. काव्य शिकलो होतो. त्याचं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही.

"एवढा शिकला अन् रिकामा कावून हिंडून राहिला रे भाऊ?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. मैत्री तिथून झाली.

अगदीच रिकामा नव्हतो. आम्ही पाच जणांनी एक मंडळी काढली होती. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, तेव्हा आगगाडी इकडे पोचली नव्हती. कापूस बंड्यांत, म्हणजे बैलगाड्यांत, भरून पार खानदेशापर्यंत न्यावा लागे. आता आगगाडी बडनेऱ्यालाच आली. बंडीवाटांवर बाभळी उगवू लागल्या. कुठे मुक्काम पडायचा, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कोण गेलं, कोण परतलं, हे सगळं दहा वर्षांत पुसलं जाणार होतं. आम्ही गावोगाव फिरून विचारायचो आणि एका जाड वहीत उतरवायचो.

सुभद्राबाईंचे यजमान त्याच वाटेनं गेले होते. पाच वर्षांपूर्वी, कापूस घेऊन. परत आले नव्हते.

त्यांच्याबद्दल त्या रोज काहीतरी सांगायच्या. त्यांना कांदा भाजलेलाच लागे. ते हसताना तोंडावर हात धरत. बैल दमला की खाली उतरून त्याच्याबरोबर चालत. "वहीत लिव, भाऊ," त्या म्हणायच्या. "मानूस कसा होता ते ऱ्हायलं पायजे." पण नवऱ्याचं नाव त्या उच्चारणार नाहीत, म्हणून नावासाठी मी खुशालरावांकडे गेलो. त्यांची बंडी त्या खेपेला मागोमाग होती.

"नत्थुजी," खुशालराव म्हणाले. "मलकापूरच्या पुढं त्याले पटकी लागली. गेला म्हनून लिवा."

मी लिहिलं. वहीत दोन याद्या होत्या. परत आलेले आणि वाटेत वारलेले. तिसरी असू शकते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

दिवाळीनंतर बडनेऱ्यात मारुतीच्या पारावर वही वाचायचं ठरलं. गाव जमलं. सुभद्राबाई वहीला वाहायला फुलं घेऊन आल्या. परत आलेल्यांची नावं वाचताना मजा चालली होती. "हा आला, पन याचे बैल खानदेशातच राह्यले! बैलाईले अक्कल होती!" कुणीतरी ओरडलं. मलाही हसू आलं. त्याच सुरात मी पान उलटलं. दुसरी यादी वाचली. नत्थुजींचं नाव वाचलं.



सुभद्राबाईंची जाऊ गंगूबाई उठल्या. "पाच वर्सं कोनी सांगावा आनला नाही. आता साऱ्या गावासमोर वाचला," त्या म्हणाल्या. "चाल बाई, घरी चाल." त्यांनी सुभद्राबाईंचं मनगट धरलं. मागून आणखी दोघी आल्या. एकीनं पदराचं टोक ओलं केलं होतं. ते सुभद्राबाईंच्या कुंकवाकडे जाताना पाहिलं, तेव्हा मला कळलं. मी इतिहास वाचत नव्हतो. मी नत्थुजी गेल्याची बातमी दिली होती.

सुभद्राबाईंनी हात हिसकला. दोन बांगड्या फुटल्या.

"खुशालराव," त्या म्हणाल्या, "तुमी पाह्यलं? आग कोनं देल्ली?"

खुशालराव गर्दीतून उठून त्यांच्याजवळ आले.

"मले नाही, गावाले सांगा."

"नाही पाह्यलं," खुशालराव म्हणाले. "साऱ्या बंड्या जुपल्या होत्या. मीबी जुपली. नत्थू झाडाखाली होता. जित्ता होता. पानी मांगत होता."

"देल्लं?"

"तांब्या ठेवला त्याच्यापाशी. मंग निंगालो."

गंगूबाई फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे वेचू लागल्या. ओलं टोक धरलेली बाई मागे सरली.

"भाऊ, खोड ते," सुभद्राबाई मला म्हणाल्या.

मी खोडलं. शाई पसरली.

"मलकापूरले गाडी थांबते ना?"

"थांबते."

"मंग उद्या चला, खुशालराव. झाड दाखवा."

"येतो," खुशालराव म्हणाले.

सात दिवस देवळाबाहेर त्यांची जागा रिकामी होती. मी रोज तिथून जायचो. कविता वाचायला घेतली तर ओळी डोळ्यांपुढून नुसत्या जात.

आठव्या दिवशी त्या दिसल्या. कुंकू होतं. मनगटात नव्या बांगड्या होत्या. विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच सांगितलं.

"झाड हाये. निंबाचं. दुसरं कायीच नाही तिथं. जवळच्या वस्तीत बायाईले इचारलं. कोनाले आठवत नाही. मी त्याईले सांगून आली, असा असा मानूस आला त बडनेऱ्याच्या गाडीत बसवून द्या म्हनून."

त्यांनी झेंडूवर पाणी शिंपडलं.

"आगगाडीत तो कधी बसला नाही. भेईल."