तिकडं आउट, आमच्याकडं खेळतोय

मी चौथीपर्यंत शिकलो. झेंडू पिकवला, झेंडू विकला. त्यामुळं कॉम्प्युटरवर टीव्ही दिसतो म्हटल्यावर सुनेला म्हणालो, "मला येडं समजू नकोस."

त्या दुपारी आमची केबल गेलेली आणि मॅच चालू. मुलगा अंबडला कंपनीत कामावर. सुनेनं त्याचा कॉम्प्युटर लावला, आणि फोनच्या तारेतून अख्खं मैदान घरात आलं. आपला गडी झकास टोलवत होता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारी ओरडला, "गेला! बोल्ड!"

"काय बोंबलतो रे? उभाय की!"

"म्हाताऱ्या, चष्मा पूस!"

माझ्यापुढं तर तो हातमोजे घट्ट करत होता. एक चेंडू त्यानं नीट खेळून काढला. पुढच्याला दांडी उडाली.

सून म्हणाली, "नाना, हे तुकडे होऊन येतं. कॉम्प्युटर आधी थोडे तुकडे साठवतो, जुळवतो, मग दाखवतो. म्हणून आपण केबलच्या मागं."

"म्हणजे तिकडं आउट झालेला इथं खेळत होता?"

"हो. मिनिटभर तरी."

मैदान, माणसं, आरडाओरडा, सगळं फोडून बोटाएवढ्या तारेतून आणायचं, पुन्हा जोडायचं. कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे?

मागं बायको वारली, त्या सकाळी मी गोदाकाठी फुलबाजारात होतो. माल खपला, चहा प्यालो, हसलो. मग तिच्यासाठी पेरू घेतले. पेरूवालीला म्हणालो, "कडक नको देऊ, आमच्या मंडळींचे दात गेलेत."

"लय काळजी बायकोची!"

"नाय नेले तर घरात घेत नाय ती."

पिशवी हातात होती तेव्हा पुतण्या शोधत आला. ती तासाभरापूर्वीच गेली होती. तो तास माझ्या छातीवर बसला. ती तिकडं मेलेली आणि हा गाढव पेरू दाबून बघतोय. हे मी कोणाला सांगितलं नाही.

मॅचच्या दुपारी मी त्या पडद्याकडं बघत राहिलो. बातमी वाटेत होती, एवढंच. ती पोचेपर्यंत माझ्याकडं बायको ओट्यावर बसलेलीच होती, पेरूची वाट बघत. मी काही तिला विसरून हसलो नव्हतो.

"नाना, बंद करू का? डोळे पाणावलेत तुमचे."

"राहू दे चालू."

पलीकडून पुन्हा आवाज आला, "अरे, हा पण..."

मी भिंतीवर थाप मारली. "गप! पुढचं सांगू नको. आमच्याकडं खेळतोय अजून."