पंचविसावी फेरी

चंपतराव ठवकर आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर. नागपुरात धावण्याच्या मोठ्या शर्यती असल्या की फेऱ्या मोजायला त्यांनाच बोलावणं यायचं. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या. धावणाऱ्याला स्वतःचा आकडा लक्षात ठेवणं जमत नाही, म्हणून प्रत्येकामागे मोजणारा एक माणूस बसतो. दर फेरीला तो कागदावर खूण करतो, शेजारी घड्याळातली वेळ लिहितो आणि शेवटची फेरी उरली की घंटा वाजवायला सांगतो. मधेच उठावं लागू नये म्हणून चंपतराव शर्यतीच्या दिवशी सकाळपासून चहासुद्धा घेत नसत.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात त्यांच्या वाट्याला बळीराम आला. उमरेडच्या विणकर घरातला, चोवीस वर्षांचा. त्याची तोवरची सर्वांत चांगली वेळ होती एकतीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. राष्ट्रीय शिबिरात जायचं तर तीस चाळीसच्या आत यायला हवं होतं. सगळ्यांनाच ते अवघड वाटत होतं.

चौदा फेऱ्या झाल्या आणि एक धावपटू बरोबर टेबलासमोर कोसळला. चंपतराव धावले, आणखी एकाच्या मदतीने त्यांनी त्याला ट्रॅकबाहेर ओढलं. परत बसले तेव्हा त्यांना वाटलं, एवढ्यात बळीराम समोरून गेला असणार. त्यांनी पंधराव्या फेरीची खूण केली, वेळ लिहिली. बळीराम तेव्हा अजून पलीकडच्या वळणावर होता.

घंटा एक फेरी आधी वाजली. बळीराम जिवाच्या आकांताने धावला आणि चोवीस फेऱ्यांनंतर थांबला. लाउडस्पीकरवर वेळ पुकारली गेली, तीस मिनिटं चोवीस सेकंद. मैदान उठून उभं राहिलं. इतर धावपटू अजून ट्रॅकवरच होते, पण बळीरामने त्यांना फेरीभर मागे टाकलं असंच सगळ्यांनी धरलं.

चंपतराव कागद पक्का करायला बसले आणि त्यांचा हात थांबला. पंधरावी फेरी छत्तीस सेकंदांत, सोळावी चाळीसमध्ये, बाकी सगळ्या शहात्तरच्या. छत्तीस सेकंदांत चारशे मीटर माणूस धावू शकत नाही. एकच फेरी आपण दोनदा मोजली, हे त्यांना कळलं. तेवढ्यात गळ्यात हार घातलेला बळीराम आला आणि त्यांच्या पाया पडला. चंपतरावांनी नवा कागद घेतला. बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर असे पंचवीस आकडे मनाने लिहिले आणि खाली सही केली. जुना कागद घडी करून खिशात घातला.

बळीराम शिबिराला गेला. तिथे त्याला एकतीस पस्तीस लागले. मेहनत करत नाही, असा शेरा घेऊन तो दोन महिन्यांत परतला आणि सरळ चंपतरावांच्या दारात उभा राहिला. एकदा आलेली वेळ पुन्हा का येत नाही, एवढंच त्याला समजून घ्यायचं होतं. दर रविवारी तो उमरेडहून पहिल्या बसने यायचा आणि चंपतराव घड्याळ धरायचे. एकतीस एक्केचाळीस. एकतीस अडतीस. प्रत्येक वेळी तो गुडघ्यांवर हात टेकून विचारायचा आणि चंपतराव खरी वेळ सांगायचे. तेवढंच खरं ते त्याला सांगत होते. बळीरामने रोजचं धावणं दुप्पट केलं. नडगी दुखायला लागली तर फडकं बांधून धावला.

चंपतरावांनी फक्त बायकोला, गोपिकाबाईंना सांगितलं होतं. रविवारी ते मैदानावरून आले की जेवत नसत.

"सांगून काहून नाही देत त्याले?" त्या एकदा म्हणाल्या. "तो पोरगा मरून राहिला तुमच्या आकड्यापायी."

चंपतराव म्हणाले, पुढच्या रविवारी सांगतो. असे कितीतरी रविवार गेले. सत्याहत्तरच्या मार्चमध्ये धावता धावता बळीरामच्या नडगीचं हाड मोडलं. ते वाकडं जुळलं आणि धावणं संपलं.

त्यानंतर वर्षभराने चंपतराव जुना कागद घेऊन उमरेडला गेले. बळीराम मागावर बसला होता. दुखऱ्या पायाने पावडी दाबताना त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. सरांना पाहून तो उठायला लागला तर त्यांनी उठू दिलं नाही. समोर जमिनीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, दुसऱ्या कागदासकट.

बळीरामने कागद पाहिला. ओठ हलवत हिशेब केला.

"म्हणजे त्या दिवशी पुरा धावलो असतो तं एकतीस चाळीस आले असते?"

"हो."

"अन् कॅम्पमधी एकतीस पस्तीस." त्याने कागदाची घडी घातली. "सर, ते माह्यं सगळ्यात चांगलं टायमिंग होतं. अन् ते ऐकून मी संडासात जाऊन रडलो."

बळीरामने कागद परत दिला आणि शांतपणे म्हणाला, "तुमी जा आता."

घरी येऊन चंपतरावांनी शर्यती भरवणाऱ्या संघटनेला पत्र लिहिलं. मोजणीत चूक झाली होती, निकाल दुरुस्त करावा. गोपिकाबाईंनी ते वाचलं.

"चूक तं झाली," त्या म्हणाल्या. "पन दुसरा कागद केला, ते कुठं लिवलं?"

चंपतरावांनी पत्र फाडलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी सगळं लिहिलं. काही महिन्यांनी उत्तर आलं. तो निकाल रद्द झाला आणि पंचांच्या यादीतून चंपतरावांचं नाव काढलं गेलं. शाळेतही बातमी पोचली. आम्ही पोरं मागून कुजबुजायचो, ते ऐकू आलं तरी चंपतराव वळून बघत नसत.

निवृत्तीपर्यंत ते ड्रिल घेत राहिले. उमरेडला त्यांनी दोन पत्रं पाठवली, उत्तर एकाचंही आलं नाही. तिसरं लिहायला बसले तेव्हा गोपिकाबाईंनी विचारलं, आता काय मागून राहिले त्याले? चंपतरावांनी थोडा विचार केला आणि पेनाला टोपण लावलं.