दांडा पीवर होता

गाडी थांबली की काका गिअरच्या दांड्यावर तळहात आपटून म्हणायचे, "पी! आता हलली तर नाव बदलीन." मागच्या सीटवर मी भाजीची पिशवी धरून बसलेली असायचे.

मी त्यांच्याकडे पोळी-भाजी करायचे. देवळाली कॅम्पात लष्कराचे ट्रक चालवून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा मुलाने बिनक्लचची गाडी घेऊन दिली. तिच्या गिअरवरची अक्षरं काकांनी मला शिकवली. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे मोकळी, डी म्हणजे चला; आणि सुरू होते ती फक्त पी नाहीतर एनवर. चौथीनंतर मी शिकले ते एवढंच.

मग एक दिवस गाडी सुरूच होईना. काका चावी फिरवतायत आणि शेजारचे गृहस्थ मागून ओरडले, "अहो, रिव्हर्समध्येच ठेवलीय! पांढरे दिवे लागलेत." काकांनी गडबडीत न बघताच दांडा पुढे-मागे केला, तेव्हा कुठे ती सुरू झाली. पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. शेजाऱ्यांनी काळजीपोटी मुलाला फोन केला, की बाबा आता विसरतात.

मुलगा वाईट नव्हता. पण आल्या आल्या त्याने चावी खिशात घातली. "बाबा, उद्या कुणाला धडक बसली तर? विकून टाकू."

स्वतःच्याच डोक्यावरचा भरवसा उडालेलं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचे, "ताई, मी सकाळची गोळी घेतली का हो?"

"घेतलीत."

"नक्की? तुम्ही पाहिलंत?"

भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचे नाहीत. आपलीच जीभ चव विसरली असेल म्हणून गप्प.

विकण्याआधी गाडी दाखवून घ्यावी म्हणून मुलाने मेकॅनिक बोलावला. काका गाडीकडे पाठ करून उभे होते. मेकॅनिक चावी फिरवत होता, गाडी ढिम्म. मी घरी निघाले होते, तर मागचे पांढरे दिवे दिसले. चार माणसांत बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो. तरी खिडकीतून वाकून पाहिलं.

"भाऊ," मी म्हटलं, "दांडा पीवर आहे, पण मागचे दिवे लागलेत."

त्याने मान बाहेर काढून मागे बघितलं. दांडा एनवर घेतला, गाडी लगेच सुरू. बंद करून पीवर आणला, पुन्हा ढिम्म. "दांडा बरोबर हाय," तो म्हणाला. "तो कुठं हाय ते गाडीला सांगणारा स्विच गंडलाय. पीला आर समजतोय."

बॉनेट उघडून त्याने स्विचचा प्लग ओढला, तर आतून पाणी ठिबकलं. मीटरच्या सुया लावून खात्री केली.

"इंजिनावर पाण्याचा पाइप कोण मारतं?"

"मी," काका वळून ताठ झाले. "रोज. कॅम्पात आमची गाडी आतून-बाहेरून लखलखीत लागायची."

"काका, रणगाडा हाय का हा? स्विच तुम्हीच बुडवलाय."

"म्हणजे चूक माझीच?"

"तुमचीच की."

"पण मी पीवरच ठेवत होतो?"

"पीवरच."

काका पायरीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता डोळे पुसले. "माझीच चूक हो!" असं शेजाऱ्यांनाही ओरडून सांगितलं. मेकॅनिक बघतच राहिला. स्वतःची चूक ऐकून इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक त्याला कधी भेटलं नसावं. नवा स्विच बसला, पांढरे दिवे विझले. मुलाने चावी बापाच्या तळहातावर ठेवली आणि तो हात जरा वेळ धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना काका म्हणाले, "ताई, भाजी अळणी झालीय." मला इतकं बरं वाटलं!

यंदा काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले. तो पहाटेच्या बसने घ्यायला आला होता, पण गाडी काकांनीच चालवायची असं ठरलं होतं. मी वाटेसाठी पोळ्यांचा डबा घेऊन फाटकाशी गेले. सामान भरून झालं होतं. मुलगा शेजारची सीट मागे टेकवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. काकांनी ओठांवर बोट ठेवून मला बोलू दिलं नाही. डबा घेतला आणि त्याला धक्का बसू नये अशा बेताने गाडी पुढे नेली.