कमरेला बांधायची चटई

"कुठून कापायची तेवढं खडूनं आखून दे," सर म्हणाले.

टेबलावर चटई पसरलेली होती. बहारीनमध्ये, नईम भागातल्या सरांच्या दुकानात जुन्या वस्तू दुरुस्त करून चौकटीत बसवतात. नकाशे येतात, गालिचे येतात, मोत्यांच्या व्यापाऱ्यांच्या पेट्या येतात. ही चटई अरादच्या एका बंगल्यातून आली होती. तिथल्या मालकानं ती कुठल्याशा लिलावात घेतलेली. पॅसिफिक महासागरात टोंगा नावाची बेटं आहेत, तिथली. त्याला बैठकीच्या भिंतीवर तीन चौकटी लावायच्या होत्या, म्हणून चटईचे तीन तुकडे करायचे. कडेला लोंबणाऱ्या झिरमिळ्या उडवून ती सरळ करायची.

मी म्हणाले, "सर, ही कापू नये. ह्या कडा फाटलेल्या नाहीत. विणणारीनं मुद्दाम तशा सोडल्यात."

समोर त्या बंगल्याची सजावट करणाऱ्या डिझायनर मॅडम उभ्या होत्या. मूळच्या मुंबईच्या, आपल्याच भाषेतल्या. सर त्यांच्याकडं वळले.

"अहो, हिचे वडील बुरूड. सुपं, टोपल्या विणायचे. चटई दिसली की हिचं रक्त उसळतं."

"अय्या, हो? मग लेकीच्या रुखवतातल्या सुपल्या हिलाच सांगते."

"सांगा की. डिग्री घेतली तरी हात तेच आहेत."

दोघं हसले. मीही हसले. तोंड आपोआप तसं होतं. लहानपणापासूनची सवय.

वडील बुरूड आहेत हे सरांना मीच सांगितलं होतं. मुलाखतीच्या वेळी, अभिमानानं. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी. झाले. मग वस्तुसंग्रहालयशास्त्राचा डिप्लोमा केला. आमच्या गल्लीतली पहिली पदवी माझी. सरांनी मला बहारीनला बोलावलं, व्हिसा दिला. पहिल्या दिवशी मी दुकानात त्यांच्या पाया पडले होते. ते म्हणाले होते, "कौतुक आहे हं तुझं." त्या कौतुकावर मी किती दिवस जगले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सर परंपरेवर भाषण करतात. परदेशात संस्कृती जपणं किती अवघड आहे, ते सांगतात. मी पहिल्या रांगेच्या मागं बसून टाळ्या वाजवायचे. मनापासून वाजवायचे.

आता वडिलांचं सांगते.

आमच्या गावात लग्न ठरलं की सूप आमच्याकडून जायचं. माणूस गेलं की तिरडीचा बांबूही आमच्याकडूनच. ते सूप देवापुढं चालायचं, त्यात हळदीकुंकू पडायचं. विणणारा मात्र फाटकाशी उभा. वडील सूप कठड्यावर ठेवायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. मग आतून कुणीतरी यायचं, सुपावर पाणी शिंपडायचं, आणि ते उचलायचं. मी वडिलांचा सदरा धरून बघायचे. एकदा मी विचारलं, "अण्णा, सूप धुत्यात का ओ?"

"धुळीचं असतंय," अण्णा म्हणाले.

धूळ नव्हती. आम्ही ते फडक्यात गुंडाळून नेलं होतं.

अण्णांनी मला कोयतीला हात लावू दिला नाही. कामट्या काढायला बसले की मला लांब बसवायचे. "बोटं कापून घेशील. पेन धर." मी पेन धरलं. आज मला पाचशे वर्षांपूर्वीच्या कापडाला ओल लागू नये म्हणून काय करायचं ते येतं. सूप विणता येत नाही. आमच्या गल्लीत आता कुणालाच येत नाही. आई प्लास्टिकच्या सुपात तांदूळ पाखडते. अण्णा गेले तेव्हा मी विमानात होते. पोचले तोवर तिरडी बांधून झाली होती. बांबू दुकानातून विकत आणला होता.

असो.

त्या दिवशी मी खडूनं आखलं नाही. सरांना सांगितलं, आधी वीण तपासते. ते म्हणाले, "बघ, बघ. शनिवारपर्यंत बघ." मला वाटलं, ऐकलं माझं. खरं म्हणजे चौकटीचं लाकूड शनिवारी येणार होतं.

जिदहफ्सला मी राहते त्या इमारतीत वरच्या मजल्यावर मेले नावाची बाई राहते. मेले टोंगाची आहे. तिचा नवरा सिक्युरिटीत आहे, ती एका शाळेत बालवर्ग सांभाळते. धिप्पाड बाई, हसली की जिना हलतो. मी तिला मोबाईलवर चटईचा फोटो दाखवला. ती हसली नाही. फोटो मोठा केला, इकडून तिकडं सरकवला. मग आत जाऊन एक गुंडाळी घेऊन आली. कापडात बांधलेली. सोडली, तर तिची स्वतःची चटई. लहान, मऊ, खोबरेल तेलाचा वास येणारी.

"ताओवाला," ती म्हणाली. "ही अंथरत नाहीत. कमरेला बांधतात."

आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. तिचं आणि माझं, दोघींचं मोडकंच. तिनं सांगितलं ते असं. केवड्याच्या जातीचं झाड असतं, त्याची पानं उकळतात, समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवतात, वाळवतात, मग त्याच्या बारीक पट्ट्या काढतात. बायका एकत्र बसून विणतात. चर्चमध्ये, लग्नात, मोठ्या माणसाला भेटायला जाताना ती कमरेला बांधायची. नवी चटई म्हणजे काही विशेष नाही. जितकी जुनी, जितकी फाटकी, तितका तिचा मान. आजीनं नेसलेली आईनं नेसायची. आणि घरातलं वडीलधारं गेलं, की सगळ्यात मोठी, सगळ्यात विरलेली चटई बांधायची. गेलेल्या माणसापुढं आपण लहान, हे दाखवायला.

"मग?" मी विचारलं.

"मग सोडायची. गुंडाळून ठेवायची."

आपला कमीपणा अंगावर बांधायचा आणि काम झालं की सोडून ठेवायचा! माझा चेहरा मेलेनं पाहिला असावा. ती म्हणाली, "आमच्यातही सरदार असतात, वरचे-खालचे असतात. फार कौतुक करू नकोस."

फोटोतल्या चटईवर ठिकठिकाणी वेगळ्या रंगाच्या पट्ट्या होत्या. मी त्यांना दुरुस्ती म्हणत होते. मेलेनं त्यांच्यावर बोट ठेवलं. "ही एका बाईची. ही दुसरीची. ही तिसरीची, हिला घाई होती बघ." ती चटई तिच्या घरची नव्हती. ते तिनं स्वच्छ सांगितलं. "पण कुणाच्या तरी घरची आहे. तिकडं कितीतरी पोरींना हे विणायला आता येत नाही. सगळ्या ऑकलंडला, सिडनीला. मलाच येत नाही." मग म्हणाली, "मी येते तुमच्या साहेबांना भेटायला. कापू नका म्हणते. नाहीच ऐकलं तर निदान तिच्यापाशी थोडी बसते."

शनिवारी ती आली.

काळा झगा. केस घट्ट बांधलेले. आणि कमरेला तिची चटई, वर दोरी. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. ती मोठ्या माणसाला भेटायला आली होती, म्हणून बांधून आली होती. आमच्या सरांना तिनं तो मान दिला होता.

आत सर आणि डिझायनर मॅडम चहा पीत होते. बाजूला उस्मानभाई, आमचे सुतार, चौकटीचं लाकूड घासत होते. मेले दारातच थोडी वाकली. सरांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. इंग्रजीत म्हणाले, "येस, प्लीज?" मग चेहरा तसाच ठेवून मॅडमना मराठीत म्हणाले,

"ही बघा. पायपुसणं कमरेला गुंडाळून आलीय."

मॅडमनी तोंडावर हात धरला. "अहो, हळू. कळेल तिला."

"काय कळणार? बुरूडणीच सगळ्या. एक आपली, एक तिकडची. पाठवून द्या दोघींना टोपल्या विणायला."

मेले हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती. माझ्याकडं वळून तिनं हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

असा प्रश्न मला आयुष्यभर येत आलाय. आईनं विचारलंय. गल्लीतल्या बायकांनी विचारलंय. दवाखान्यात, तहसीलमध्ये, शाळेत. साहेब काय म्हणाले गं? आणि शिकलेली पोर म्हणून मी दर वेळी सांगत आले. साहेब उद्या या म्हणाले. साहेब गडबडीत आहेत. शिवी गाळून, हसणं गाळून. अण्णांनी मला सांगितलं होतं ना, धुळीचं असतंय. तेच मी पुढं चालवत होते.

मी म्हणाले, "त्यांनी तुझ्या चटईला पाय पुसायचं फडकं म्हटलं."

उस्मानभाईंचा हात थांबला.

"बुरूड ही माझी जात आहे. आम्ही बांबू विणतो. ते म्हणाले, तू आणि मी एकाच जातीच्या. आपल्या दोघींना टोपल्या विणायला पाठवावं. आणि ह्या मॅडम म्हणाल्या, हळू बोला, हिला कळेल."

एक शब्द गाळला नाही. इंग्रजी मोडकंच होतं, पण पुरलं.

सर लाल झाले. "अगं ए, काय चाललंय? गंमत केली मी!"

"गंमतच सांगितली, सर. तुमचीच."

मेले टेबलाजवळ गेली. सरांकडं बघितलं नाही. कमरेवरची दोरी सोडली, आपली चटई काढली, घडी घातली, काखेत धरली. हा माणूस मोठा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो मला कळला. सरांना कळला नाही. ते म्हणत होते, "मॅडम, धिस इज प्रायव्हेट प्रॉपर्टी, प्लीज." तिनं टेबलावरच्या चटईवर हात ठेवला. तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. हात उचलला आणि गेली. बसायचं म्हणाली होती. बसली नाही.

दार लागल्यावर सरांनी कात्री माझ्यापुढं सरकवली.

"मी कापणार नाही, सर."

"कुणी आणलं तुला इथं? विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

"तरी कापणार नाही."

हे मी हळूच म्हणाले. ओरडता आलं नाही. सर खुर्चीत बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्या लोकांचं हेच. वर आणा, डोक्यावर बसतात." मग हाक मारली, "उस्मान! यल्ला, तू काप."

उस्मानभाईंनी माझ्याकडं बघितलं. "बेटी, मैं नहीं काटूँगा तो कोई और काटेगा." त्यांच्या घरी खाणारी तोंडं आहेत. त्यांनी खडूनं आखलं. विणलेलं कापताना कापडासारखा आवाज येत नाही. सुकी पानं पायाखाली यावीत तसा येतो. घाईत विणलेली ती तिसऱ्या बाईची पट्टी मधोमध गेली. अर्धी एका तुकड्यात, अर्धी दुसऱ्यात. शेवटी झिरमिळ्या कापल्या, त्या जमिनीवर पडल्या.

"खलास," उस्मानभाई म्हणाले आणि हात झटकले.

झिरमिळ्या मी गोळा केल्या. संध्याकाळी मेलेच्या दारात नेल्या. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"ज्यांच्या आहेत त्यांच्याकडं पोचवता येतील तुला?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग मला का देतेस?"

तिनं मला आत बोलावलं, भात वाढला. त्या चटईबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. पिशवी माझ्याकडंच आहे. तिचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. डिप्लोमात ते शिकवत नाहीत.

तीन चौकटी अरादच्या भिंतीवर लागल्या. खाली पितळी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय, 'बेटांवरची हस्तकला'. कुणाची, कुणाच्या हातची, काही नाही. सर मला कामावर ठेवणार नाहीत. व्हिसा आहे तोवर दुसरीकडं विचारतेय. बहारीनमध्ये हे काम करणारी माणसं थोडी आहेत आणि सगळी सरांना ओळखतात. दोन ठिकाणी "इंशाल्ला, कळवू" म्हणाले. म्हणजे नाही. मंडळातल्या बायका मला टाळतात. एक जण फोनवर म्हणाली, "अगं, एवढं काय मनावर घ्यायचं? त्यांनीच तुला वर काढलं ना?"

हो. त्यांनीच. ते उपकार मी नाकारत नाही. आयुष्यभर नाकारणार नाही.

परत गेले तर गावी काय आहे? अण्णा नाहीत. कोयती गंजलीय. कामट्या कशा काढतात ते सांगणारं कुणी उरलेलं नाही, आणि मेलेच्या बेटावर मी एक पट्टीही परत पाठवू शकत नाही. ह्यातलं काहीच मी वाचवलं नाही. वाचवेन असं खोटं इथं लिहीत नाही.

पण एक काम माझ्या हातात आहे. चटई कापली त्या रात्री मी आईला फोन केला. म्हणाले, "आई, अण्णांचं सूप लोक धुऊन घ्यायचे, ते धुळीमुळं नव्हतं."

आई म्हणाली, "मला ठाऊक हुतं गं."

"मलाबी ठाऊक हुतं. मग आपण एकमेकींना का फसवलं?"



पुढच्या नोकरीत कुणीतरी विचारेलच, वडील काय करायचे. मी सांगेन. बुरूड होते, सुपं विणायचे, तिरडीचे बांबू द्यायचे. समोरचा हसला, तर तो का हसला ते मी त्याच खोलीत, मोठ्यानं, ज्याला कळलं नसेल त्याला समजेल अशा भाषेत सांगेन. शिवी असेल तर शिवी सांगेन. नोकरी जाईल. जाऊ दे. धुळीचं असतंय, हे माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही.